चांदीचा टाका

१८४५ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीपासून मैलभरावरच्या एका मळ्यात, अनार्का नावाची साधारण सतरा वर्षांची मुलगी तीन दिवस अडून पडली होती. कळा येत होत्या आणि मूल जागचं हलत नव्हतं. मळ्याचा मालक वेस्कॉट. अनार्का त्याच्या मालकीची गुलाम. तिसऱ्या दिवशी डॉक्टर हेन्रींनी आपल्या मदतीला जेम्स मेरियन सिम्स या बत्तीस वर्षांच्या डॉक्टरला बोलावून घेतलं. चिमटा लावून बाळंतपण करण्याची सिम्सला फारशी सवय नव्हती, तरी त्याने मूल ओढून काढलं. अनार्का वाचली. मात्र काही दिवसांतच तिचा लघवीवरचा ताबा गेला आणि शौचावरचाही. मळ्यावरून पुन्हा बोलावणं आलं. सिम्सने तिला तपासलं आणि मालकाला सांगितलं, की हिला उपाय नाही.

उपाय खरोखरच नव्हता. बाळंतपण अडतं तेव्हा शरीरात काय घडतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढची सगळी हकिकत त्यावर उभी आहे. ओटीपोटाच्या हाडांचं कडं अरुंद असेल किंवा मूल नीट फिरलेलं नसेल तर त्याचं डोकं त्या कड्यात रुतून बसतं. गर्भपिशवी आपलं काम थांबवत नाही. दर कळेला ती डोकं आणखी खाली रेटते. पुढे ओटीपोटाचं हाड, मागे मुलाचं डोकं, आणि या दोहोंमध्ये चेपली जाते लघवीची पिशवी आणि योनीची भिंत. तिथलं रक्त तासन् तास बंद राहतं. मूल बहुधा पोटातच दगावतं आणि उशिरा केव्हातरी बाहेर येतं. चेपलेला भाग तोवर मेलेला असतो. आठवड्या-दीड आठवड्यात तो गळून पडतो आणि लघवीची पिशवी व योनी यांच्यामध्ये आरपार भोक राहतं. मागच्या बाजूला तसंच झालं तर गुदाशयातही. डॉक्टर याला फिस्टुला म्हणतात.

त्यानंतर लघवी साठतच नाही. ती दिवसरात्र, झोपेतसुद्धा, झिरपत राहते. मांड्यांची कातडी सोलवटून निघते. पायाकडे जाणाऱ्या नसा चेपल्या गेल्या असतील तर पाऊल लुळं पडतं. ओल कमी व्हावी म्हणून बाई पाणी पिणं तोडते. त्याने लघवी दाट होऊन वास वाढतो आणि खडे धरतात. मूल गेलेलं असतंच. नवरा बहुतेक वेळा टाकतो, घरचे वेगळं झोपायला लावतात, आणि विशी न ओलांडलेली मुलगी कुठल्यातरी पडवीत किंवा गोठ्याशेजारी उरलेलं आयुष्य काढते. तिने कुणाचं काही वाकडं केलेलं नसतं. या आजाराबद्दल वाचताना माझा जीव सगळ्यात जास्त कासावीस होतो तो इथे.

पहिलटकरणीचं वय जितकं कोवळं तितका धोका मोठा, कारण कटीची हाडं उंचीच्याही मागून वाढतात. आपल्याला हे परक्या देशाकडे बोट दाखवून वाचता येणार नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं. पुढे फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या तेव्हा १८८६ मधल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्राचाच होता.

फिस्टुला माणसाइतकाच जुना असावा. इजिप्तच्या अकराव्या राजवंशातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, हेनहेनित नावाच्या राजस्त्रीच्या ममीत तो सापडला आहे. १९३५ साली डग्लस डेरी या शरीररचनाशास्त्रज्ञाने तिची तपासणी प्रसिद्ध केली. अरुंद कटी आणि लघवीच्या पिशवीला पडलेलं मोठं भोक, असं ते निदान होतं. सतराव्या शतकात हॉलंडच्या हेंड्रिक फान रोनहाउझेने भोकाच्या कडा तासून त्या शिवण्याची रीत लिहून ठेवली. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या मेटॉअरने १८३८ मध्ये आणि बोस्टनच्या हेवर्डने त्यानंतरच्या वर्षी एकेक भोक यशस्वीपणे बंद केलं. हे तुरळक होतं. जागा अंधारी, खोल, ओली. दिसत नाही आणि हातही पोचत नाही. शिवलं तरी टाक्यांवरून लघवी वाहत राहते, रेशमी धागा सडतो, जखम पिकते आणि भोक पुन्हा उघडतं. बहुतेक शल्यविशारदांनी नाद सोडला होता.

सिम्सला तर स्त्रियांच्या आजारांत रसच नव्हता. कटीतल्या अवयवांची तपासणी त्याला नकोशी वाटे, असं त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. पण त्या उन्हाळ्यात अनार्कापाठोपाठ त्याच दुखण्याच्या आणखी दोघी त्याच्यापुढे आल्या. बेट्सी ही सतरा-अठरा वर्षांची, शेजारच्या परगण्यातून आलेली. लूसीही तेवढ्याच वयाची, रेल्वेने आणलेली. दोघी गुलाम. दोघींना त्याने तेच सांगितलं, आणि लूसीला परतीच्या गाडीत बसवायचं ठरलं.

त्याच सुमारास एक गोरी बाई तट्टावरून पडून गर्भपिशवी मागे कलंडल्याने वेदनांनी तळमळत होती. सिम्सने तिला गुडघे आणि छाती टेकवून ओणवी केलं, बोटं आत घालून पिशवी पुढे ढकलू पाहिली, आणि एकाएकी हाताला काहीच लागेना. बाईला मात्र आराम पडला. त्याच्या ध्यानात आलं, की या स्थितीत योनीत हवा शिरते आणि तिच्या दाबाने सगळ्या भिंती फुगून दूर होतात. मग तेच आसन दिलं तर फिस्टुलाही डोळ्यांनी दिसेल. घरी परतताना त्याने दुकानातून कथलाचा मोठा चमचा विकत घेतला. बेट्सी अजून दवाखान्यातच होती. तिला टेबलावर ओणवी केलं, दोन तरुण मदतनिसांना दोन्ही बाजूंनी उभं केलं आणि चमच्याचा दांडा वाकवून आत सरकवला. भोक, त्याच्या कडा, आतलं सगळं लख्ख दिसलं. आज जगातल्या कुठल्याही प्रसूतिगृहाच्या ट्रेमध्ये जो सिम्सचा स्पेक्युलम असतो, त्याचा मूळपुरुष तो चमचा.

त्या दुपारनंतर सिम्स झपाटला. लूसीला परत पाठवणं रद्द झालं. आजूबाजूच्या मळेवाल्यांकडे शोध घेऊन त्याने अशा सहा-सात बाया जमवल्या, घरामागच्या आवारातल्या छोट्या दवाखान्यावर मजला चढवला आणि मालकांशी करार केला: खाणं-राहणं माझं, कर आणि कपडे तुमचे. करार मालकांशी झाला. कायद्याच्या लेखी त्या बायांचं शरीर मालकाची मिळकत होतं, म्हणून संमती द्यायची ती मालकाने. बायांना स्वतःला बरं व्हायचं होतं, त्या आपल्या मागे लागत, असं सिम्स लिहितो. बरं व्हायचं नसेल अशी बाई मला कल्पनेत आणता येत नाही. पण नाही म्हणण्याचा हक्क ज्यांना नव्हता त्यांच्या होकाराचं माप कशाने घ्यायचं?

पहिली शस्त्रक्रिया लूसीवर झाली. नवलाई पाहायला डझनभर डॉक्टर जमले होते. लूसी ओणवी, भूल नाही, आणि तासभर चाललेलं काम. लघवी वाहून जावी म्हणून सिम्सने पिशवीच्या तोंडाशी दोऱ्याने बांधलेला स्पंज ठेवला. पाच दिवसांनी ती तापाने फणफणली. स्पंजात लघवीचे क्षार साचून तो दगडासारखा घट्ट झाला होता. तो ओढून काढावा लागला. लूसी मरणाच्या दारातून परतली आणि उठायला तिला दोन-तीन महिने लागले. भोक आकसलं, बुजलं नाही. मग बेट्सी, मग अनार्का, मग पुन्हा लूसी. हे असं जवळजवळ चार वर्षं चाललं. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा. शस्त्रक्रियेनंतर त्यांना अफू दिली जाई, वेदना दबाव्यात आणि शौचाला होऊ नये म्हणून.

या चार वर्षांत घडलेली एक गोष्ट सिम्सच्या आत्मचरित्रात ओझरती येते. माझ्या मते ती या सगळ्या प्रकरणातली मोठी गोष्ट आहे. एकामागून एक अपयश येत गेलं तसे गावातले डॉक्टर यायचे बंद झाले. मेव्हण्याने, तोही डॉक्टरच, हा नाद सोड म्हणून गळ घातली. मदतनीस गेले. आणि ओणव्या बाईला धरायला, स्पेक्युलम पेलून धरायला, रक्त टिपायला चार हात तर हवेतच. ते हात त्या बायांचेच झाले. आज बेट्सी टेबलावर असेल तर लूसी आणि अनार्का मदतीला. उद्या अनार्काची पाळी. स्पेक्युलम धरणं हे सोपं काम नाही. हात बोटभर हलला तरी शिवणाऱ्याचा टाका चुकतो, आणि दांडा नको तितका दाबला तर पडलेल्या बाईच्या जिवाची तगमग होते. किती दाबायचं हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. नंतरची शुश्रूषाही त्याच करीत: लघवीची नळी तुंबली का पाहणं, अंथरूण बदलणं, ताप ओळखणं. १८४८-४९ च्या सुमारास फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेत इतक्या वेळा हात घातलेली माणसं जगात दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही.

अडसर टाक्याचा होता. रेशीम पिकत होतं. आवारात पडलेल्या पितळी तारेच्या तुकड्यावरून सिम्सला धातूचा टाका सुचला, असं तो सांगतो. गावातल्या सोनाराकडून त्याने चांदीची बारीक तार ओढून घेतली. गाठ मारता येत नव्हती, म्हणून शिशाचा छिद्र पाडलेला छर्रा तारेवर सरकवून चिमट्याने चेपायचा. लघवीसाठी स्पंजाऐवजी आपोआप आत टिकून राहणारी वळणदार नळी आधीच तयार झाली होती. १८४९ च्या उन्हाळ्यात अनार्कावर तिसावी शस्त्रक्रिया झाली ती चांदीच्या तारेने. आठवड्याने तपासलं तेव्हा टाक्यांभोवती सूज नव्हती, पू नव्हता, आणि भोक बंद होतं. पुढच्या काही आठवड्यांत लूसी आणि बेट्सीही बऱ्या झाल्या.

१८५२ च्या जानेवारीत सिम्सचा लेख ‘अमेरिकन जर्नल ऑफ द मेडिकल सायन्सेस’मध्ये छापून आला आणि त्याचं नाव झालं. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कला गेला; १८५५ मध्ये तिथे खास स्त्रियांसाठीचं ‘वुमन्स हॉस्पिटल’ तीस खाटांनिशी उघडलं. पहिल्या रुग्णांत मेरी स्मिथ नावाची गरीब आयरिश निर्वासित होती, आणि तिच्यावरही तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. गुलाम बाया संपल्या तिथे देशोधडीला लागलेल्या आयरिश बाया आल्या, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. सिम्सचा मदतनीस टॉमस अ‍ॅडिस एमेट पुढे या शस्त्रक्रियेत गुरूच्याही पुढे गेला. सिम्सने युरोपातल्या राजघराण्यांत औषधोपचार केले, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा तो अध्यक्ष झाला, आणि १८८३ मध्ये वारला. १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा बसला.

तो पुतळा २०१८ च्या एप्रिलमध्ये सेंट्रल पार्कच्या कडेवरून हलवण्यात आला. त्याआधी कितीतरी वर्षं वाद चालू होता. मुख्य मुद्दा भूल न देण्याचा. सिम्सच्या बाजूने सांगतात, की ईथरचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनला झालं ते १८४६ च्या ऑक्टोबरात. सिम्सचे पहिले प्रयोग त्याआधीचे. ते खरं. पण अनार्काच्या शेवटच्या शस्त्रक्रियेपर्यंत त्यानंतर अडीच वर्षं उलटली होती, आणि १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांपुढे बोलताना सिम्सने या शस्त्रक्रियेतली वेदना भूल देण्याइतकी नसते अशाच अर्थाचं विधान केलं. काळ्या माणसांना दुखणं कमी जाणवतं ही समजूत त्या काळच्या अमेरिकेत डॉक्टरांतही रुजलेली होती. दुसऱ्या बाजूने, आफ्रिकेत स्वतः फिस्टुलाच्या शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर एल. लुईस वॉल यांनी २००६ मध्ये लिहिलं, की हे दुखणं जवळून पाहिलेला कुणीही त्या बायांनी उपचार मागितले असतील यावर शंका घेणार नाही. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात, आणि दोन्हींत एक उणीव दिसते. दोन्हीकडे त्या तिघी केवळ टेबलावर पडलेल्या आहेत. इतिहासकार डिअर्ड्रा कूपर ओवेन्स यांनी २०१७ च्या ‘मेडिकल बाँडेज’ या पुस्तकात त्यांना परिचारिका म्हणून पाहिलं, तेव्हा कुठे त्या उठून उभ्या राहिल्या. सिम्सच्या हाताखाली शिकलेल्या एमेटला नाव, खुर्ची आणि वारसा मिळाला. त्याच्याआधी शिकलेल्या तिघी बऱ्या झाल्या आणि मालकांकडे परत गेल्या. २०२१ मध्ये मिशेल ब्राउडर या कलावतीने माँटगोमेरीत टाकाऊ धातूंतून त्या तिघींचे उंच पुतळे उभे केले आहेत.

अमेरिका आणि युरोपातून हा आजार सिम्सच्या टाक्याने गेला नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. टाका होतो तो नुकसान झाल्यावर. आजार गेला तो अडलेल्या बाईला वेळेत हॉस्पिटलात नेण्याने आणि सिझेरियन सुरक्षित झाल्याने. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना फिस्टुलाचा रुग्ण पाहायला मिळेनासा झाला. पार्क अ‍ॅव्हेन्यूवर जिथे वुमन्स हॉस्पिटलची जुनी इमारत होती, त्या जागी १९३१ मध्ये वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हे आलिशान हॉटेल उभं राहिलं.

पण जिथे रस्ता नाही आणि हॉस्पिटल चार दिवसांच्या चालीवर आहे, तिथे काही बदललं नव्हतं. कैरोच्या कस्र अल-ऐनी हॉस्पिटलात नगीब महफूझ हा प्रसूतितज्ज्ञ नाईलकाठच्या खेड्यांतून येणाऱ्या शेकडो बायांची भोकं शिवत होता आणि प्रत्येक प्रकाराची बारकाईने नोंद करत होता. त्याचं नाव ओळखीचं वाटेल. १९११ मध्ये त्याने एक अवघड बाळंतपण सोडवलं आणि कृतज्ञ आईबापांनी मुलाचं नाव डॉक्टरच्याच नावावर ठेवलं. तो मुलगा म्हणजे नोबेल मिळवणारा कादंबरीकार.

महफूझचे लेख पुढे आणखी दक्षिणेला कामी आले. १९५९ मध्ये इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात, एक डॉक्टर जोडपं सहा वर्षांच्या मुलासह उतरलं. रेजिनाल्ड हॅम्लिन मूळचे न्यूझीलंडचे, पन्नाशी गाठलेले. कॅथरीन सिडनीच्या, पस्तिशीच्या. ‘लॅन्सेट’मधली जाहिरात वाचून ते आले होते: प्रिन्सेस त्सेहाय हॉस्पिटलात सुईणींची शाळा सुरू करण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हवा आहे. त्सेहाय ही सम्राट हेले सेलासींची मुलगी. लंडनला रीतसर परिचारिकेचं शिक्षण घेऊन आलेली ही राजकन्या १९४२ मध्ये बाळंतपणातच वारली, तिच्या नावाचं ते हॉस्पिटल. बाळंतपणाने राजवाड्यालाही सोडलं नव्हतं.

आल्याबरोबर एका सहकाऱ्याने त्यांना सांगून ठेवलं, की इथल्या फिस्टुलाच्या बाया तुमचं काळीज फाडतील. हॅम्लिन पतिपत्नींनी आयुष्यात फिस्टुला पाहिला नव्हता. त्यांनी महफूझचे लेख मिळवले, आकृत्यांवरून शस्त्रक्रिया समजून घेतली आणि एक सोपा रुग्ण निवडून सुरुवात केली. ती बाई कोरडी होऊन गावी गेली आणि बातमी पसरली. बसमधून वासामुळे उतरवून दिलेल्या, कित्येक दिवस चालत आलेल्या बाया दाराशी बसू लागल्या. इतर रोग्यांना त्यांचा शेजार नकोसा होई, म्हणून आधी आवारात त्यांच्यासाठी निराळी निवासाची सोय झाली आणि शेवटी १९७४ मध्ये निराळं हॉस्पिटलच. त्याच वर्षी सम्राट पदच्युत झाले, लष्करी राजवट आली. बरेच परदेशी निघून गेले, हॅम्लिन राहिले.

इथे केली जाणारी शस्त्रक्रिया सिम्सच्या वाटेनेच जाते, तरी ती फार दूर आली आहे. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेला असतो. बाई जागी असते आणि तिला दुखत नाही. टेबलाची डोक्याकडची बाजू खाली झुकवलेली. डॉक्टर आधी मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन नळ्यांची तोंडं शोधतात, कारण ती भोकाच्या काठाशीच असू शकतात आणि चुकून टाक्यात आली तर मूत्रपिंडच निकामी व्हायचं. सापडली की त्यांत बारीक नळ्या सरकवून ती सांभाळायची. मग भोकाच्या चहूबाजूंनी लघवीची पिशवी योनीपासून सोडवून घ्यायची, आणि सगळं कौशल्य या सोडवण्यात आहे. जुन्या जखमेचा वण चामड्यासारखा चिवट असतो. कडा ओढाताण न होता एकमेकींना भेटल्या पाहिजेत. ताण राहिला तर टाका कशाचाही असो, तो निसटणार. पिशवी शिवून झाली की नळीतून निळं पाणी आत सोडतात आणि सगळे डोळे शिवणीवर लागतात. निळा थेंब दिसला तर पुन्हा टाका. नाही दिसला तर, जिथे रक्तपुरवठा बेताचा वाटतो तिथे, जवळच्याच चरबीची एक पट्टी वळवून वर आधाराला लावतात. ही युक्ती जर्मनीच्या मार्टियुसची. शेवटी योनीची भिंत शिवायची आणि दोन आठवडे नळी ठेवायची. पुढचं सगळं नळी वाहती राहण्यावर अवलंबून. ती तुंबली की फुगलेली पिशवी टाके उसवते, म्हणून वॉर्डात रात्री-बेरात्री कुणीतरी नळ्या पाहत फिरत असतं. फिरणाऱ्यांतल्या पुष्कळजणी स्वतः कधीकाळी त्याच खाटांवर झोपलेल्या असतात. घरी जाताना बाईला नवा कपडा दिला जातो.

१९६२ च्या सुमारास अशीच एक मुलगी आणली गेली. ममितू गाशे, वय सोळाच्या आसपास, डोंगराळ खेड्यातली, अक्षरओळख नसलेली. चार दिवस अडून मूल गेलं होतं. तिची जखम इतकी वाईट होती, की एका शस्त्रक्रियेने भागलं नाही, अनेक झाल्या. या शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात ती खाटा आवरू लागली, नव्या आलेल्या बायांशी बोलू लागली. रेजिनाल्ड हॅम्लिननी तिला शस्त्रक्रियेच्या खोलीत हत्यारं द्यायला उभं केलं. बारकाईने पाहण्याची तिची रीत त्यांनी हेरली. मग तिला दोरा कापू दिला, मग एक टाका घालू दिला. पुढे काही वर्षांनी पूर्ण शस्त्रक्रिया ती एकटी करत होती. तोवर तिला वाचता येत नव्हतं. ते ती नंतर रात्रीच्या शाळेत शिकली. बोटांना मात्र त्या अंधाऱ्या जागेची पुरती ओळख झाली होती.

१९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन पतिपत्नींच्या बरोबरीने ममितू गाशे यांना सुवर्णपदक दिलं. देशोदेशीचे पदवीधर सर्जन फिस्टुला शिवायला शिकण्यासाठी आदिस अबाबाला आले आणि त्यांतल्या अनेकांनी हे काम ममितूंच्या शेजारी उभं राहून शिकून घेतलं. मी या दोन प्रसंगांची, माँटगोमेरीच्या आवाराची आणि या हॉस्पिटलाची, सांगड घालतो ती एवढ्यासाठी. दोन्हीकडे रुग्णबाईच्या हाताला काम दिलं गेलं, कारण दुसरा हात मिळत नव्हता. दोन्हीकडे त्या हातांनी काम उत्तम केलं. एका ठिकाणी हत्यार धरण्यापलीकडे ते हात कधी जाऊ शकले नाहीत, कारण ते दुसऱ्याच्या मालकीचे होते. लूसी, बेट्सी किंवा अनार्का यांच्या हातात कुणी सुई दिली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर ममितूंनी हजारो बायांना बरं करून दिलेलं आहे.

रेजिनाल्ड हॅम्लिन १९९३ मध्ये वारले. कॅथरीन नव्वदीपर्यंत शस्त्रक्रिया करत राहिल्या, आणि मार्च २०२० मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी, हॉस्पिटलच्या आवारातल्या आपल्या घरी वारल्या. तोवर आदिस अबाबाच्या मूळ हॉस्पिटलाला बाहिर दार, मेकेले, यिरगालेम, हरार आणि मेतू इथल्या पाच केंद्रांची जोड मिळाली होती आणि साठ हजारांहून अधिक बायांवर उपचार झाले होते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी पन्नास हजार ते एक लाख बायांना नव्याने हा आजार होतो.

म्हणून कॅथरीननी २००७ मध्ये, ज्या कामासाठी मुळात आदिसला यायचं ठरलं होतं ते हाती घेतलं: सुईणींचं कॉलेज. खेड्यांतल्या मुली निवडायच्या, पदवीपर्यंत शिकवायचं आणि त्यांच्याच मुलखातल्या आरोग्य केंद्रांवर पाठवायचं. अडणारं बाळंतपण वेळेत ओळखण्यासाठी जगभर सुईणींना शिकवला गेला तो बाळंतपणाच्या प्रगतीचा आलेख, पार्टोग्राम, आफ्रिकेतच घडला. ऱ्होडेशियात, आताच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये त्यावर दोन तिरप्या रेघा आखल्या. गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर तरी उघडायला हवं, असा त्यांचा हिशेब होता. ती पहिली रेघ, सावध करणारी. दुसरी तिच्या उजवीकडे, चार तास उशिराची. तिथे पोचलेल्या बाईसाठी डॉक्टरने काहीतरी करायलाच हवं. सुईण दर तपासणीला एक फुली मारते. फुल्या पहिल्या रेघेच्या उजवीकडे सरकल्या की बाईला हॉस्पिटलकडे रवाना करायचं. मधले चार तास फिलपॉटने रस्त्यासाठी राखून ठेवलेले आहेत.